ट्रकचा सलो

गाडी जागेवर उभी असताना, पायानं काहीही न दाबता इंजिन जे आपलं आपण फिरत राहतं, त्याला आमच्याकडं सलो म्हणतात. बाकीच्यांना गाडी किती पळते याच्याशी मतलब असतो. मला ती किती हळू आणि किती सारखी चालते याच्याशी. माझी मोसंबीची साठ झाडं त्या सलोवर जगतात.

ट्रक जुना आहे. लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलचा, एक टन ओझं नेणारा. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो आणला तेव्हा गावानं खूप हसून घेतलं, कारण त्याला पेट्रोल लागायचं म्हशीला लागते तशी पेंड. पण त्याला एक जादा लिव्हर होती. ती ओढून पहिला गिअर टाकला की ट्रक माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालायचा. तेवढ्यासाठीच मालकांनी तो घेतला होता.

आमचं शेत माळावर आहे. घरही तिथंच, दोन खोल्या आणि एक शेड. बोअर होळीच्या आसपास आटतो. खाली ओढ्याच्या काठाला एक विहीर आहे, तिच्यात आमचा हिस्सा. तिथून ट्रकवरची हजार लिटरची टाकी भरायची, चढ चढून वर यायचं आणि झाडांना पाणी द्यायचं. एका टाकीत वीस झाडं. तीन खेपांत बाग होते, आणि चौथ्या दिवशी परत पहिल्या झाडापासून सुरू. आषाढापर्यंत हेच.

पाणी द्यायची आमची एक रीत होती. मी स्टिअरिंगवर बसायची, मालक टाकीचा पाईप घेऊन ट्रकच्या मागं चालायचे. दोन ओळींच्या मधून ट्रक सलोवर सरकत राहायचा. एका झाडाशी दोन-तीन बादल्या पाणी पडायचं, तोवर पुढचं झाड येऊन जायचं. थांबायचं नाही, क्लच दाबायचा नाही, पाय वर उचलून बसायचं. मी चौथी शिकलेली बाई, लायसन नाही. पण विहिरीपासून शेतापर्यंतच्या रस्त्याला लायसन विचारायला कोण येतं.

मालक गेल्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर ते काम मी एकटी करते. ओळींमध्ये चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या आहेत, त्यातून ट्रक बाहेर जात नाही. स्टिअरिंग दोरीनं सरळ बांधते, गिअर टाकते, खाली उतरते आणि मागं जाऊन पाईप धरते. ट्रक रिकाम्या सीटनं पुढं चालत राहतो. कॉइलच्या वायरला एक सुतळी बांधून ती मागं टाकीपर्यंत आणली आहे. ओढली की वायर निघते आणि इंजिन बंद पडतं. ओळ संपायच्या आधी दोन झाडं राहिली की पाईप टाकून पुढं जाते आणि वर चढते. ट्रक इतका हळू असतो की सत्तर वर्षांच्या बाईला चढता येतं. अट एकच. सलो सारखा पाहिजे. तो जास्त झाला तर मी मागं राहीन. कमी झाला तर इंजिन बंद पडेल, आणि मला दर चार झाडांना पुढं जाऊन ते चालू करावं लागेल.

गेल्या चैत्रात तेच व्हायला लागलं.

आधी आरसा हलायला लागला. ट्रक नुसता उभा असताना बाजूचा आरसा थरथरायचा, त्यात मागचं काही दिसेना. मग इंजिन मधेच एक ठोका खायला लागलं. धडधड, धडधड, मग एक मोकळा, मग परत धडधड. झाडांमध्ये ते आपलं आपण मरायचं. आणि आठवडाभरात चढावर दम जायला लागला. भरलेली टाकी घेऊन बाभळीच्या वळणापर्यंत यायचा आणि तिथून पुढं पाय कितीही दाबा, ट्रक नुसता हुंकारायचा. मागं घसरू नये म्हणून हँडब्रेक ओढून खाली उतरायचं, चाकांना दगड लावायचे, टाकीचा नळ सोडून अर्धं पाणी रस्त्यावर सांडायचं आणि उरलेलं घेऊन वर यायचं. उन्हाळ्यात हातानं पाणी सांडायचं काम मी त्या दिवसांत सहा वेळा केलं.

पाचव्या वेळी माझ्या पोरानं ते बघितलं. तो जालन्यात असतो, बियाण्याच्या गोदामात नोकरी आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. त्या रविवारी तो मोटारसायकलवरून वर येत होता आणि मी वळणावर, मागच्या चाकाखाली दगड सारत बसले होते. टाकीचं पाणी उतारानं वाहत त्याच्या चाकापर्यंत गेलं होतं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. त्यानं गाडी लावली, दुसरा दगड दुसऱ्या चाकाखाली नीट बसवला आणि मग जेवताना काय ते बोलला. ट्रक भंगारात घालायचा. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, सगळ्या जिल्ह्याचं भंगार तिथं वितळतं, तिथं हाही जाईल. बाग कुणाला तरी कसायला द्यायची. आणि मी जालन्याला त्याच्याकडं राहायला जायचं. सुनेशी बोलणं झालंय, पुढची खोली रिकामी केलीय, असंही म्हणाला.

मी म्हणाले की ट्रकला काही झालेलं नाही, बारीक खराबी आहे.

"दोन हप्ते देतो, माय," तो म्हणाला. "पुढच्याच्या पुढच्या ऐतवारी मी पिकअप घेऊन येतो. भरली टाकी घेऊन ट्रक न थांबता वर आला तर मी रिकामा जातो. न्हाई आला तर तुझं सामान भरतो. कबूल?"

मी कबूल म्हणाले. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे.

मालकांची इंजिन बघायची पद्धत मला पाठ होती, कारण बघताना मी कायम शेजारी असायची. ते बॉनेट उघडायच्या आधी मागं जायचे आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरायचे. हाताला धक्के सारखे लागतात का ते बघायचे. मग आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या नाहीत. एक बदलायची, चालवून बघायची, मग दुसरी.

मीही तसंच केलं. चारी प्लग काढले. काळे असतील असं वाटलं होतं, पण ते पांढरट निघाले, राखेसारखे. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. इंजिन चालू ठेवून लाकडी चिमट्यानं एकेका प्लगची टोपी काढून बघितली. जो प्लग काम करत नसतो त्याची टोपी काढली तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. इथं प्रत्येक टोपीला इंजिन सारखंच खाली बसलं. म्हणजे चौघंही काम करत होते आणि चौघंही उपाशी होते. ठिणगीचा दोष नव्हता. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं. तिथून हवा ओढली जात असेल तर आवाज बदलतो. बदलला नाही.

कार्बोरेटर खोलायचं धाडस मात्र मी केलं नाही. ते काम मालक करायचे आणि मी फक्त ताट धरायची, ज्याच्यात सुटे भाग ठेवायचे. म्हणून मंठ्याहून मिस्त्रीला बोलावलं. पन्नाशीचा माणूस आहे, जुन्या पेट्रोल गाड्यांना हात लावणारा त्या बाजारात तो एकच उरलाय. सोमवारी आला. कार्बोरेटर खोलला, बारीक भोकाची पितळी नळी असते तिला जेट म्हणतात, ते जेट काढून फुंकले. काळा गाळ निघाला. बसवून चालू केलं तर आरसा स्थिर. मी लगेच टाकी भरून आणली, ट्रक एका दमात वर आला. मिस्त्रीला चहा आणि घरचं पिठलं-भाकर खाऊ घालून पाठवलं.

मंगळवार चांगला गेला, बुधवारही. गुरुवारी सकाळी आरसा परत थरथरायला लागला.

शुक्रवारी मिस्त्री दुसऱ्यांदा आला. परत खोलला, परत तोच गाळ. या वेळी त्यानं पेट्रोलची टाकीही डोकावून बघितली, खालचा पंप बघितला. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जो पाईप जातो त्याला बोट लावून त्यानं विचारलं, हा कधीचा. मी म्हणाले, नवा आहे, दिवाळीतच टाकलाय. असं म्हणाले की जणू त्यानं मूर्खासारखं काहीतरी विचारलंय. पाईपला दोन्ही टोकांना मी काळी टेप गुंडाळली होती, ती चांगली दिसत होती. त्यानं कार्बोरेटर बसवला आणि गेला.

रविवारपर्यंत चाललं. सोमवारी वळणावर दम गेला. सहाव्यांदा पाणी सांडलं.

मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, मशीन थकली. आतलं कॉम्प्रेशन गेलंय. कारबेटर धुऊन कुठवर चालन?" मी त्याला म्हणाले की मशीन थकली नाही, तुझे हात थकलेत, अर्धवट धुतोस आणि पिठलं पूर्ण खातोस. त्यानं फोन ठेवला. बरोबरच केलं.

उरले सहा दिवस. झाडांची फळं बोराएवढी झाली होती आणि गळायला लागली होती. अर्ध्या टाक्यांवर बाग भागत नव्हती. सकाळी झाडाखाली जाऊन बघितलं की हिरवी बोरं सांडल्यासारखी दिसायची. मी ती गोळा करायचं सोडून दिलं.

त्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती सांगते. मी बॉनेटमध्ये वाकून आवाज ऐकत होते. ऐकून झालं, तशी मान वर न करता म्हणाले, "बंद करा." आणि थांबले. इंजिन चालूच. एवढी वर्षं उलटं होतं, ते वाकलेले असायचे, मी सीटवर, आणि ते म्हणायचे, "बंद कर". आता वाकलेली मी होते म्हणून शब्द माझ्या तोंडात आला. सीटवर कुणी नव्हतं. मी फिरून गेले आणि किल्ली बंद केली. मग हिशेब केला की शेवटचं माणसाशी समोरासमोर बोलून चार दिवस झालेत, आणि तेही मिस्त्रीशी, त्यात निम्मं गाडीचं. शेजारचं शेत आहे, पण ते लोक सकाळी येतात, संध्याकाळी जातात, आणि त्यांचा धुरा, म्हणजे बांध, माझ्या घरापासून हाकेच्या बाहेर आहे. माझी तक्रार नाही. पण गाडीचं काम दोन माणसांचं असतं. घरातलं एकटीला करता येतं, शेतातलंही बरंच येतं. गाडीचं येत नाही. एकाला ऐकावं लागतं आणि एकाला दाबावं लागतं.

मंगळवारी मी शेडमध्ये स्टुलावर बसले आणि फक्त विचार केला. मिस्त्री चुकीचा असेल तर कुठं चुकला. त्यानं धुतलं की गाडी चालते. दोन-तीन दिवसांनी बिघडते. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब, गेलं असतं तर धुतल्यावरही चालली नसती. मग मी चोक थोडा बाहेर ओढून बघितला. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन लगेच सावरलं, आरसा स्थिर झाला. म्हणजे त्याला पेट्रोल पुरत नव्हतं, एवढंच दुखणं होतं. जेट बुजत होतं. गाळ धुतला तरी परत येत होता. मग तो येतो कुठून? सवाल एवढाच होता, आणि त्याला मिस्त्रीही लागत नव्हता आणि दुसरं माणूसही लागत नव्हतं.

मी काचेच्या तीन बाटल्या घासून वाळवल्या. पहिलीत पेट्रोल टाकीच्या बुडातून काढलं. दुसरीत पंपाच्या तोंडाशी. पंपाला खाली एक पट्टी असते, ती बोटानं दाबली की पेट्रोल येतं, इंजिन चालू करावं लागत नाही. मग पाईप परत पंपाला जोडला, त्याचं दुसरं टोक कार्बोरेटरपासून सोडवलं आणि तिसरी बाटली तिथं भरली. तिन्ही बाटल्या फळीवर ठेवल्या आणि जेवायला गेले. भाकरी खाऊन आले तोवर सगळं खाली बसलं होतं.

पहिली स्वच्छ. थोडा गंज, चिमूटभर. दुसरी स्वच्छ. तिसरीच्या बुडाशी काळा थर, चहाच्या भुकटीसारखा.

पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पाईपशिवाय काही नाही.

मी टेप सोडली, पाईप काढला आणि विळीवर उभा चिरला. आतून तो गुळासारखा मऊ झाला होता. नख लावलं तर नखाबरोबर निघून आला. बाहेरून पिवळा, चकचकीत, नवा. दिवाळीत जुना पाईप तडकला तेव्हा मंठ्याला कोण जाईल म्हणून मी फवारणीच्या पंपाचा पाईप हातभर कापून बसवला होता. जाडी बराबर होती, लांबी बराबर होती. औषधाचा दाब सोसणारा पाईप, त्याला पेट्रोलचं काय जड जाईल असं वाटलं. बागाईतदार बाईला पाईप म्हणजे पाईप. तेव्हा पोराला फोनवर सांगितलंही होतं, तुझ्या बापासारखी गाडी दुरुस्त केली म्हणून. आणि मिस्त्रीनं बोट लावून विचारलं, तर नवा आहे म्हणाले.

मी पाईप हातात घेऊन शेडमध्ये बसून राहिले. कुणाला तरी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं आणि तिथं मी सोडून दुसरं कुणी नव्हतं.

बुधवारी आणि गुरुवारी विहिरीवर लाईट नव्हती, खेपा तशाही बंद होत्या, आणि मलाही मंठ्याला जायला तोंड नव्हतं. शुक्रवारी गेले. काळीपिवळीत चार बायांच्या मधे दबून गेले, मांडीवर पिशवी, पिशवीत चिरलेला पाईप. मिस्त्री एका जीपखाली पडला होता, नुसते पाय दिसत होते. पायांशीच बोलायला सुरुवात केली. म्हणाले, मशीन थकली नव्हती आणि तुझे हातही थकले नव्हते. तो बाहेर सरकला, पाईप बघितला, बोट आत घालून फिरवलं, बोटाला लागलेलं काळं बघितलं.

"मावशी, इंजनावर फवारणी करायची होती का?"

शेजारच्या टायरवाल्यापर्यंत सगळे हसले. मी हसू दिलं. तेवढं माझ्याकडं निघत होतं. मग त्यानं समजावून सांगितलं की आताच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळलेलं असतं, ते साध्या रबराला खातं, पाण्याचा किंवा औषधाचा पाईप त्याच्यापुढं टिकत नाही. पेट्रोलचा खास पाईप दिला, तो आवळायला दोन पट्ट्या दिल्या, मधे बसवायची एक छोटी गाळणी दिली. म्हणाला, शनिवारी मला सामान घ्यायला परभणीला जायचंय, सोमवारी येऊन बसवतो. मी म्हणाले, सोमवारपर्यंत मी जालन्याला असेन. त्याला काही समजलं नाही, पण त्यानं मला कार्बोरेटर खोलायचं कसं ते जीपच्या बॉनेटवर एक जुना कार्बोरेटर ठेवून दोनदा खोलून दाखवलं. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, तोंडानंच फुंकायचं, हे त्यानं सांगितलं. ते मला माहीत होतं. तरी ऐकून घेतलं.

शनिवारी सकाळी ताट घेतलं आणि या वेळी ते कुणाच्या हातात न देता जमिनीवर ठेवलं. जेट काढले, फुंकले. तोंडात पेट्रोलची चव दुपारपर्यंत राहिली. नवा पाईप बसवला, गाळणी बसवली. पंपाची पट्टी दाबत गाळणीत पेट्रोल चढताना बघितलं. चालू केलं, चालू झालं.

पण सलो लावायचा राहिला होता.

त्याला दोन स्क्रू असतात. एकानं वेग कमी-जास्त होतो, दुसऱ्यानं पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण. दुसरा हळूहळू आत फिरवायचा, इंजिन लडखडायला लागलं की थांबायचं, मग उलटा फिरवत यायचं, धक्के सारखे झाले की सोडायचं. मालक पुढं स्क्रूवर असायचे आणि मी मागं, सायलेन्सरसमोर तळहात धरून. ते कानावर भरवसा ठेवत नसत, माझ्या हातावर ठेवायचे. धक्के सारखे लागले की मी म्हणायची, बस. ते तिथंच स्क्रू सोडायचे.

आता स्क्रू पुढं आणि सायलेन्सर मागं, मधे टाकीसकट सगळा ट्रक. मी स्क्रू पाव आटा फिरवायचा, मागं जायचं, हात धरायचा, मोजायचं, परत पुढं यायचं. पाव आटा, परत मागं. ऊन वाढत होतं. गुडघे दुखत होते. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही, पण ट्रकच्या एका बाजूला मातीत पाऊलवाट पडली, ती सोमवारपर्यंत दिसत होती.

खरं सांगायचं तर मधेच एकदा मी मागच्या चाकाला टेकून उभी राहिले, आणि मनात आलं की नाही लागला सलो तर बरंच. मग मी काही हरले असं होणार नाही, ट्रकच हरला असं होईल. पुढच्या खोलीत पंखा असेल. सून सकाळी चहा देईल. कुणीतरी विचारेल, झोप लागली का. एवढंच मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग पुढं जाऊन आणखी पाव आटा फिरवला. मागं आले. तळहातावर धक्के सारखे लागले. एक, एक, एक, एक. मोकळा ठोका नाही. मी बराच वेळ हात धरून ठेवला, हाताला धूर लागून काळं झालं तरी. मग मोठ्यानं म्हणाले, बस. ऐकायला कुणी नव्हतं, पण ते म्हटल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटेना.

रविवारी पोरगा पिकअप घेऊन आला. ड्रायव्हर सोबत होता, आणि मागं रिकाम्या गोण्या, दोऱ्या, माझं सामान बांधायला. दोघं बाभळीच्या वळणावर उभे राहिले. पोरानं दोन मोठे दगड आधीच आणून रस्त्याच्या कडेला ठेवले होते. ते मला आवडलं नाही, पण त्यात त्याचं चुकलं असंही नाही.

विहिरीवर टाकी तोंडापर्यंत भरली. वर झाकणातून पाणी हिंदकळत होतं. दुसरा गिअर टाकून निघाले, चढ लागला तसा पहिला टाकला. वळणाच्या आधी आवाज जड झाला, पण तो ओझ्याचा जडपणा होता, उपासमारीचा नव्हता. दोन्ही वेगळे असतात. पोरगा दिसला, दगड दिसले, ड्रायव्हरच्या हातातली विडी दिसली. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पाय जिथं होता तिथं ठेवला. ट्रक वळण घेऊन वर गेला आणि बागेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पाय काढला. आरसा स्थिर होता. त्यात दोघं मागून पायी चढून येताना दिसले, पोरगा पुढं, घाईनं.

तो येऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मी खाली उतरून त्याला शेडमध्ये नेलं आणि खिळ्याला टांगलेला चिरलेला पाईप दाखवला. सगळं सांगितलं. दिवाळीत मीच बसवला, मिस्त्रीनं विचारलं तेव्हा नवा आहे म्हणाले, आणि सहा वेळा अर्धी टाकी पाणी मीच रस्त्यावर घातलं. तो पाईपाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, एकटी राहिली की असं होतं. म्हणायला जागा होती.

"म्हंजी ट्रक बराबर होता," तो म्हणाला.

"ट्रक बराबर होता."

"मला ट्रकचं काही न्हाई, माय. तो रिकामा पुढं चालून राह्यला आन तू मागं पाईप धरून. ते मला जालन्यात बसल्या बसल्या दिसतं."

"मंग आज तू बस सीटवर," मी म्हणाले.

तो बसला. त्यानं दोरी सोडली, स्टिअरिंग हातात घेतलं, आणि दर दोन झाडांनी मान बाहेर काढून मागं बघायला लागला. मी त्याला सांगितलं की पुढं बघ, मागचं मी बघते, आणि क्लचवरचा पाय उचल. तीन खेपा केल्या. साठही झाडांना पुरं पाणी पडलं. मधे एकदाही इंजिन मेलं नाही. पिकअपच्या ड्रायव्हरनं शेडच्या सावलीत झोप काढली आणि चार वाजता रिकाम्या गोण्या आणि दोऱ्या घेऊन दोघं गेले. जाताना पोरानं वळणावरचे दगड उचलून रस्त्याच्या खाली टाकले. पिकअप थांबवून टाकले, मी वरून बघत होते.

ते गेल्यावर ट्रक शेडमध्ये लावला, किल्ली बंद केली. मग काही ऐकू येईना, टाकीच्या नळातून एक थेंब पडत होता तेवढा. तो घट्ट केला.

गुरुवारी परत पहिल्या झाडापासून सुरू केलं. स्टिअरिंग बांधलं, गिअर टाकला, उतरले, मागं गेले. सीट रिकामी, ट्रक पुढं. चाकोरीतून सारखा सरकत होता.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी, संध्याकाळी जेवायच्या आधी, पोराचा फोन येतो. आधी असा फोन येत नव्हता. तब्येत विचारत नाही, जेवलीस का विचारत नाही. एकच विचारतो.

"सलो कसाय?"

मी सांगते, सारखा आहे. तो हां म्हणतो. त्याच्याकडचा टीव्ही ऐकू येतो, आणि मग तो फोन ठेवतो.

ज्या दिवशी सारखा नसेल त्या दिवशी काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.